आठवी कडी

१

खामगावच्या चंद्रविलास टॉकीजमध्ये गोजरबाईंनी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि एकही सिनेमा धड पाहिला नाही. हे ऐकून लोक हसतात. त्या स्वतःही हसतात. पण त्यांची जागाच अशी होती, की तिथून पडदा दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा.

टॉकीजच्या डाव्या अंगाला बायकांचा वेगळा दरवाजा होता आणि दरवाजाबाहेर लांबट ओसरी. ओसरीच्या सागवानी तुळईत आठ लोखंडी कड्या ठोकलेल्या. तान्ह्या लेकरांच्या आया त्या कड्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगायच्या, लेकरू निजवायच्या आणि खुशाल आत जाऊन बसायच्या. बाहेर स्टुलावर गोजरबाई. सगळ्या झोळ्यांना मिळून एकच दोरी, आणि दोरीचं टोक गोजरबाईंच्या हातात. एक हिसका दिला की सातही झोळ्या एकदम डुलायच्या.

कड्या आठ आणि झोळ्या सात, कारण शेवटची, दरवाजाच्या पडद्याआडची कडी तुळईत जरा ढिली होती. तिला लेकरू टांगायचं नाही, हा गोजरबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

दुसरा नियम चिंधीचा. सात कड्यांना सात रंगांच्या चिंध्या. लेकरू ठेवलं की आई मनगट उताणं करून पुढे धरायची आणि गोजरबाई त्याच रंगाची चिंधी तिच्या हाताला बांधायच्या. खेळ सुटला की अंधारातून निघालेल्या बायका डोळे मिचकावत, उंबरठा पायानं चाचपत बाहेर यायच्या आणि एकच गर्दी व्हायची. गोजरबाई कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत. मनगट बघायचं, चिंधी जुळवायची, लेकरू द्यायचं. तोंड फसवतं, चिंधी फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून एकीचं लेकरू दुसरीला गेलं नाही. जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या बाईचं असो, की ज्या कापूसवाल्यानं टॉकीज बांधलं त्याच्या सुनेचं असो, कडी वेगळी पण दोरी एकच. अर्धं खामगाव त्या दोरीवर झोपून मोठं झालं असं म्हटलं तर ती काही थाप नव्हे.

२

अठरा वर्षं कुलूप खाऊन शेवटी यंदाच्या एप्रिलात चंद्रविलास पाडायला काढलं. समोरचा कमानीचा भाग राहणार होता, त्यात दुकानं निघायची होती. मागचा हॉल तेवढा जायचा. ठेका घेतला होता हरिओमनं. चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, बोलका गडी. त्याची आई उंद्रीची, बाजाराच्या दिवशी इकडे यायची आणि दुपारचा खेळ गाठूनच परत जायची. म्हणजे हरिओम पिवळ्या चिंधीचा. पहिल्याच दिवशी तो गोजरबाईंच्या घरी येऊन पाया पडून गेला. ज्या कडीला झोपला तीच उखडायची वेळ आली, तेव्हा त्याच्या जिवाला लागलं असावं.

गोजरबाईंचं घर टॉकीजच्या मागच्याच गल्लीत. मशीननं बारा दिवसांत हॉल भुईसपाट केला, तो त्यांनी दारात बसून ऐकला. तेहतीस वर्षं ऐकलं तसाच, न बघता. तेराव्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. स्टूल उचललं आणि गेल्या.

ओसरी अजून उभी होती. तिच्या पाठीला कापडदुकानाची भिंत लागलेली. मशीन लावलं तर दुकानही खाली आलं असतं, म्हणून ती हातानं आणि सगळ्यात शेवटी काढायची होती. बायकांचा दरवाजाही चौकटीसकट जागच्या जागी होता, एक फळी गळालेला. फक्त त्याच्या पलीकडे आता काही नव्हतं. विटांचं मैदान आणि वर पांढरंफक ऊन. दरवाजाच्या आत आकाश बघून गोजरबाईंना कसंसंच झालं.

कामावर मोताळ्याकडची झुंबर नावाची एक पोर होती, पदरात पाच महिन्यांची मुलगी. ओसरी बघून तिला सावली दिसली आणि तुळई बघून कडी. तिनं पहिल्याच कडीला झोळी बांधली. बारा ते तीन मशीन बंद असायचं, गडी कमानीखाली लवंडायचे आणि बाया तिथेच सावलीत विटा साफ करत बसायच्या. गोजरबाईंनी न विचारता झोळीला दोरी लावली, स्टूल जुन्या जागी ठेवलं, पिशवीतून लाल चिंधी काढून झुंबरच्या मनगटाला बांधली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगीच नाही. झुंबरला वाटलं, म्हातारी दृष्टीचा दोरा बांधते आहे. तिनं पाया पडून घेतलं.

३

दोन दिवस सुखाचे गेले. गोजरबाई बाराला यायच्या, तीनला उठायच्या. बरोबर दुपारच्या खेळाची वेळ. शहात्तर वर्षांच्या हाताला दोरी सापडली आणि गुडघे दुखायचे विसरले.

तिसऱ्या दिवशी त्यांना दोरी जड लागली.

जड म्हणजे फार नव्हे. पण ज्या हातानं जन्मभर झोळ्या झुलवल्या, त्या हाताला आत किती लेकरं आहेत हे मोजून बघावं लागत नाही. झोळी पुढे जाते, मागे येते आणि येताना दोरीला एक ओढ लागते. सात झोळ्या असल्या तर सात ओढी एकामागोमाग हाताशी येतात. आता झोळी एकच होती. तिची ओढ यायची, तळव्याशी थांबायची, आणि मग थोड्या वेळानं, दूरवरून आल्यासारखी, आणखी एक यायची.

गोजरबाईंनी दोरी थांबवली. तुळई बघितली. दोरी सवयीनं त्यांनी शेवटपर्यंत नेली होती, तीच कुठे अडत असेल. त्यांनी ती सगळी सोडवली, नुसत्या पहिल्या झोळीला बांधली, उरलेली गुंडाळून मांडीवर ठेवली आणि पुन्हा हिसका दिला. पहिली कडी कुर्र वाजली. झोळी परत आली, ओढ लागली. मग ओसरीच्या पार त्या टोकाला, दरवाजापाशी, दुसरी कडी कुर्र वाजली आणि तळव्याला ओढ लागली.

दरवाजापाशी काहीच टांगलेलं नव्हतं. पडदा तर कधीच कुजून गेला होता. कडी उघडी दिसत होती, पण उन्हाच्या तिरिपेत ती हलते की नाही ते काही त्यांना कळलं नाही. एका डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. त्यांनी स्वतःला बजावलं, की लोखंड उन्हानं तापतं, तापलं की वाजतं. कापडदुकानात पंखा असतो, पंख्यानं भिंत थरथरते. कारणं काय, मागाल तितकी मिळतात.

घरी सून सिंधूताईला त्यांनी अर्धंच सांगितलं. सून म्हणाली, "आत्याबाई, ऊन गेलं तुमच्या डोक्यात. उद्यापासून कांदा ठेवा कनवटीले, नाहीतर जाऊच नका." गोजरबाईंनी कांदा ठेवला आणि गेल्या.

४

उन्हाचं कारण त्यांना पटलं असतं. पण ही आठवी ओढ त्यांच्या ओळखीची होती.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. देवाधर्माचा सिनेमा लागला होता. बायका चपला बाहेर काढून, नारळ घेऊन आत जायच्या. सातही कड्या भरलेल्या. खेळ सुरू झाल्यावर गोजरबाई घागर घेऊन नळावर गेल्या, पाचेक मिनिटं लागली असतील. परत येऊन दोरी हातात घेतली आणि त्यांना वाटलं, आज हिला काय झालं. सात नव्हे, आठ ओढी लागत होत्या. उठून पडद्याआड बघावं असं मनात आलंही. पण नुकत्या कुठे टेकल्या होत्या. नाही उठल्या.

मध्यंतराआधीच वर मशीनमध्ये फिल्म जळाली. धुराचा वास आला आणि बायका घाबरून एकदम बाहेर पडल्या. गोजरबाईंनी डोकं शांत ठेवलं. मनगट, चिंधी, लेकरू. साताची सात दिली. ओसरी रिकामी झाली.

मग दरवाजातून आणखी एक बाई आली. तिनं मनगट उताणं करून पुढे धरलं. मनगटाला काही नव्हतं.

लेकरू मागितलं तिनं. म्हणाली, उशीर झाला होता, तुम्ही जागेवर नव्हत्या, म्हणून मीच टांगलं शेवटच्या कडीले. गोजरबाईंनी पडदा बाजूला केला. कडी रिकामी. साधा धागाही नाही. दमलेल्या होत्या, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि रोज कुणी ना कुणी हुज्जत घालायचंच. त्या जे बोलल्या, ते त्यांना अजून शब्दाला शब्द आठवतं.

"चिंधी नाही तर लेकरू नाही, बाई."

ती भांडली नाही, रडली नाही. थोडा वेळ कडीकडे बघत राहिली आणि आल्या वाटेनं पुन्हा आत गेली, रिकाम्या हॉलमध्ये. बाहेर पडताना तिला कुणी पाहिलं नाही.

मॅनेजरनं चार दिवस चौकशी केली. कुणाचं लेकरू हरवल्याची कुठेच बोंब नव्हती, ना गावात, ना खेड्यांत. बाई भ्रमिष्ट असेल, असं ठरलं. गोजरबाईंनीही तेच मानलं. मानावंच लागलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांना स्टुलावर बसताच आलं नसतं. फक्त त्या दुपारी दोरीला आठ ओढी लागल्या होत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मॅनेजरला नाही, नवऱ्यालाही नाही. चव्वेचाळीस वर्षं ते त्यांच्या पोटात होतं. आपण उठून बघितलं असतं तर, एवढंच.

५

चौथ्या, पाचव्या दिवशीही ती ओढ आली. आणि माणसाचं मन मोठं विचित्र असतं. सहाव्या दिवशी गोजरबाई भ्यायच्या थांबल्या आणि वाट बघायला लागल्या.

झुंबरची पोर गुणी होती, दहा हिसक्यांत झोपायची. ते दुसरं मात्र हट्टी. पहिलं झोपलं तरी त्याची ओढ चालूच. मध्येच रागावल्यासारखी जोरात यायची, मग मंद व्हायची, आता झोपलं म्हणून गोजरबाई हात सैल करायच्या आणि पुन्हा कुर्र. गोजरबाई हळू आवाजात त्याला दटावायच्या. जुनी गाणी म्हणायच्या, ज्यांचे चेहरे त्यांनी कधी बघितले नव्हते ती, भिंतीपलीकडून ऐकलेली. असल्या गाण्यांना ते शांत व्हायचं. त्यांना त्याचा लळा लागला. असं नुसतं म्हणायलाही अंगावर काटा येतो, पण लागला.

भीती उरली ती एकाच गोष्टीची. लेकरू इथे आहे, तर आईही येईल. चव्वेचाळीस वर्षं भुकेली आई. ती येईल तेव्हा पहिल्याच कडीला झुंबरची पोर असेल, हातापायांची, उबदार, खरीखुरी. रिकाम्या हातांना काय, जवळचं आधी दिसतं. झुंबरला झोळी हलवायला सांगावी असं त्यांना दहादा वाटलं. पण सांगायचं काय? आणि सावली दुसरी होती कुठे?

शनिवारी हरिओम टोपलीभर बर्फ घेऊन आला, गड्यांना सरबत पाजलं, आणि गोजरबाईंशेजारी उकिडवा बसला.

"मावशी, सोमवारी ओसरी काढतो. तुळई पहिले. मन नाही होऊन राह्यलं, पण मालक घाई करते."

गोजरबाईंनी दोरी थांबवली नाही. विचारलं, किती वाजता.

"दुपारीच. दुकान बंद असते तवा."

"तीन वाजेलोक थांब," गोजरबाई म्हणाल्या. "खेळ सुटू दे."

हरिओम हसणार होता. मग त्यानं म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली.

६

सोमवारी त्या अकरालाच येऊन बसल्या. झुंबरला सांगितलं, की आज लेकरू तुझ्यापाशीच ठेव. पण कमानीखाली विटांची धूळ अशी उडत होती, की पोर खोकून खोकून लाल झाली, आणि झुंबरनं तिला आणून झोळीत टाकलंच. गोजरबाईंनी तिच्या मनगटावरची लाल चिंधी दोनदा घट्ट केली.

एक वाजला, दोन वाजले. पोर झोपली. तेही त्या दिवशी लवकर झोपलं, हट्ट न करता. दोन्ही ओढी तळव्याला अलगद लागत होत्या. पारवेसुद्धा उन्हानं गप्प झाले होते. कापडदुकानाचं शटर पडल्याचा आवाज आला, तेव्हा तीनला थोडं कमी असेल.

मग दरवाजाकडची ओढ थांबली. दोरी हातात चालू असतानाच, आपोआप. झोपेतून उठलेलं लेकरू कान टवकारून गप्प होतं, तशी थांबली.

दरवाजाच्या चौकटीपलीकडे बांगड्या वाजल्या.

गोजरबाईंनी मान वर केली नाही. इतक्या वर्षांची सवय, तोंडाकडे बघायचं नाही. त्यांना उंबरठा दिसला, आणि उंबरठ्यावर एक पाऊल. अनवाणी. विटांचा तो रखरखीत माळ ओलांडून आलेल्या पावलाला धुळीचा कण नव्हता. आणि पाऊल उंबरठा चाचपत होतं. एवढ्या लख्ख उन्हात उंबरठा चाचपतं कोण? अंधारातून आलेलं माणूस चाचपतं. पाठोपाठ वास आला, शेंगदाणे, विडी, पावडर, घाम, भरलेल्या हॉलचा वास. त्या वासानं, खरं सांगायचं तर, त्यांचे डोळे भरून आले.

हात पुढे आला. पहिल्या कडीकडे.

तीन वेळा हिंदकळल्याशिवाय ज्या उठू शकत नसत, त्या गोजरबाई एका दमात उठल्या आणि झुंबरच्या झोळीवर पाठ देऊन उभ्या राहिल्या. आवाज फुटला तो त्यांनाच ओळखू आला नाही.

"हे नाही, बाई. हे लाल चिंधीचं हाये. दुसऱ्याचं हाये."

हात मागे गेला नाही. पुढेही आला नाही. तसाच अधांतरी राहिला, आणि गोजरबाईंना हळूहळू दिसलं, की तो लेकरासाठी पुढे आलेलाच नाही. पंजा मिटलेला आहे. मनगट उताणं आहे. उघडं मनगट पुढे धरून बाई मुकाट उभी आहे, चिंधी बांधून घ्यायला.

त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पिशवीत सात रंगांच्याच चिंध्या होत्या, आठवा रंग त्यांनी कधी केलाच नव्हता. त्यांनी स्वतःच्या लुगड्याचा पदर दातात धरून टरकावला, दोन पट्ट्या काढल्या. भिंत धरत धरत ओसरीच्या टोकाला गेल्या, टाचा उंचावून एक पट्टी आठव्या कडीला बांधली. कडी थंडगार होती. दुसरी पट्टी घेऊन वळल्या. मनगटही थंड होतं, पण मेल्यासारखं थंड नव्हे. दुपारच्या उन्हातून टॉकीजच्या काळोखात शिरावं आणि अंगाला गारवा लागावा, तसं. त्यांनी गाठ मारली.

"चुकलं माय माझं," त्या म्हणाल्या. "तवा उठून पाहाले पाह्यजे होतं मी. घेऊन जाय आता. झोपेल हाये, हळू घेजो."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कडी एकदाच कुर्र वाजली. मागे पडलेली दोरी फरशीवरून सळसळत सैल झाल्याचं त्यांनी ऐकलं.

मग झुंबरची पोर रडायला लागली, चांगली टाहो फोडून, आणि तिच्या आवाजावर झुंबर धावत आली. ओसरीत म्हातारी एकटीच, पदर फाटलेला.

"कोनाशी बोलून राह्यल्या होत्या, आजी?"

गोजरबाई परत स्टुलापाशी आल्या. झोळीतून पोर उचलली, पण दिली नाही. झुंबरनं हसत हसत लाल चिंधीचं मनगट पुढे केलं, तेव्हाच दिली.

७

बुधवारी हरिओम घरी आला. सिंधूताईनं चहा टाकला. त्यानं आठवण म्हणून कड्या आणल्या होत्या, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून. फरशीवर एकेक मांडत गेला. पिवळ्या चिंधीची कोणती ते विचारून घेतलं आणि ती स्वतःच्या खिशात टाकली. सगळ्या गंजून तांबड्या झालेल्या, पापुद्रे सुटलेले. अठरा पावसाळे खाल्लेलं लोखंड, दुसरं काय होणार.

शेवटची त्यानं काढली आणि जरा संकोचून पुढे केली.

"हे काही कामाची नाही, मावशी. पार झिजली. पाहा ना आतून, कशी चकाकते. सगळ्यात जास्त हेच वापरली तुमी."

कडीला गोजरबाईंच्या पदराची पट्टी तशीच होती. बाहेरून कडी गंजलेली होती. आतून मात्र, जिथे झोळीची दोरी घासते तिथे, ती निम्म्यावर झिजून सुईसारखी बारीक झाली होती, आणि तेवढी जागा परवापर्यंत हलत असल्यासारखी लखलखत होती.

गोजरबाईंनी त्या कडीला जन्मात कधी झोळी टांगली नव्हती. आणि अठरा वर्षं टॉकीजला कुलूप होतं.

कुणाचा हात होता दोरीला, हे विचारायची गरज नव्हती. चिंधी नाही तर लेकरू नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या बाईनं ते ऐकलं होतं. भांडली नव्हती. लेकरू नेता येत नाही म्हणून तिथेच, आतल्या अंगाला बसून, चव्वेचाळीस वर्षं झुलवत राहिली होती. शेवटचे थोडे दिवस तेवढी गोजरबाईंनी तिला उसंत दिली.

त्यांनी कडी मांडीवर घेतली. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"काऊन रडता, मावशी?" हरिओमनं विचारलं.

"एकटं नव्हतं ते," गोजरबाई म्हणाल्या. मग कपबशी त्याच्याकडे सरकवली. "घे, गार होते."